रसायनांना टिकणारा पोकळ फायबर: मुंबईच्या हवा-पाण्यात पीव्हीडीएफ मेम्ब्रेन कसे काढायचे

शेवईएवढा जाड, आतून नळीसारखा पोकळ आणि भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असलेला पांढरा तंतू म्हणजे होलो फायबर मेम्ब्रेन. असे शेकडो फायबर एका नळकांड्यात बसवून दोन्ही टोकांशी फायबरमधल्या फटी रेझिनने बुजवल्या की मॉड्यूल तयार होते. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर इथल्या कारखान्यांत गाळायच्या पाण्यासोबत क्लोरीन, आम्ल, कॉस्टिक (तीव्र अल्कली) आणि कधीकधी सॉल्व्हंटही येते. साधा फायबर तिथे काही महिन्यांत ठिसूळ होतो.

ज्यांना छोट्या गाळ्यात दिवसाला हजारेक मीटर फायबर काढणारी लाइन उभी करायची आहे, त्यांच्यासाठी ही कृती आहे. शोधनिबंधांत रेसिपी हव्या तेवढ्या सापडतात. मुंबईत त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत, कारण फायबरची रचना ठरते ती हवेतल्या काही सेंटिमीटरांत आणि पाण्यातल्या पहिल्या काही सेकंदांत. इथली हवा आणि पाणी जानेवारीत एक, मेमध्ये दुसरे आणि जुलैत तिसरेच असते. म्हणून पुढे रेसिपीपेक्षा हवा-पाण्यावर जास्त भर आहे.

आधी रसायन विचारा, मग पॉलिमर ठरवा

‘केमिकल रेझिस्टंट’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. कशाला टिकणारा, किती तीव्रतेला, किती तापमानाला आणि किती तास, ही चार उत्तरे ग्राहकाकडून लिहून घेतल्याशिवाय पॉलिमरची ऑर्डर देऊ नका.

क्लोरीन किंवा हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट) वारंवार धुलाई होणार असेल तर पीव्हीडीएफ, म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हे फ्लोरीन असलेले प्लास्टिक, घ्या. ऑक्सिडीकरणाला तो चांगला टिकतो, बहुतेक आम्लांनाही टिकतो. त्याची कमजोरी कॉस्टिकमध्ये आहे. तीव्र अल्कलीत पॉलिमरच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड निघून जाते, फायबर आधी पिवळसर, मग तपकिरी होतो आणि शेवटी वाकवला की तुटतो. डेअरीसारख्या ठिकाणी १ ते २ टक्के गरम कॉस्टिकने रोज धुलाई असते. तिथे पीव्हीडीएफ देऊ नका, पॉलिइथरसल्फोन द्या. अल्कलीत तो खंबीर असतो, मात्र क्लोरीनला पीव्हीडीएफइतका टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन आम्ल-अल्कली दोन्ही सोसते, पण क्लोरीन त्याला खाऊन टाकते.

अॅसिटोन, एमईके, डीएमएफ अशी सॉल्व्हंट पाण्यात थेंबभर नव्हे तर टक्क्यांत असतील तर पीव्हीडीएफ फुगतो किंवा चक्क विरघळतो. तिथे पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा सिरॅमिक लागते. पीटीएफई कशात विरघळत नाही म्हणून त्याचा फायबर या लेखातल्या पद्धतीने निघत नाही, तो पेस्ट दाबून, ताणून आणि तापवून करावा लागतो. अशी ऑर्डर नवख्याने नाकारलेली बरी.

पुढची सगळी कृती पीव्हीडीएफची आहे, आणि पहिल्या वर्षी मॉड्यूलच्या कागदावर पीएच २ ते १० याच्या बाहेर जाऊ नका.

सामान

स्पिनरेट हा या लाइनचा जीव. एका गोल भोकाच्या बरोबर मध्यावर बारीक सुई असते. सुईभोवतीच्या कड्यातून पॉलिमरचा घट्ट द्राव, म्हणजे डोप, उतरतो आणि सुईतून आतली पोकळी धरून ठेवणारा बोअर फ्लुइड येतो. सुरुवातीला भोक १.३ मिमी, सुईचा बाहेरचा व्यास ०.८ मिमी आणि आतला ०.५ मिमी ठेवा. धातू एसएस ३१६, म्हणजे स्टेनलेस स्टील. चांगली टूलरूम हे करून देते, पण घेताना सुई मध्यावर आहे का ते तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. कड्याची रुंदी पाव मिलिमीटर आहे. सुई ०.०५ मिमी जरी सरकली तरी एका बाजूची भिंत ०.३० आणि दुसरीकडची ०.२० होते, आणि फायबर कायम पातळ बाजूने फुटतो.

डोपसाठी गिअर पंप हवा, फेऱ्याला ०.६ मिलीचा. बोअरसाठी छोटा, धक्के न देणारा मीटरिंग पंप किंवा सिरिंज पंप चालतो. जॅकेट असलेली २ ते ३ लिटरची एसएस टाकी, वरून ढवळणारा स्टिरर, नायट्रोजनचा सिलिंडर व रेग्युलेटर, २० ते ४० मायक्रॉनची एसएस जाळी, १०० लिटरचा लांबट टब, धुलाईचा दुसरा टब, गुळगुळीत रोलर आणि १ मीटर परिघाचे गुंडाळायचे चाक. फिटिंग नागदेवी स्ट्रीटला, मोटर, हीटर आणि कंट्रोलर लोहार चाळीत, प्रयोगशाळेची काचसामग्री आणि थोडकी रसायने प्रिन्सेस स्ट्रीटला मिळून जातात. पॉलिमर मात्र मेम्ब्रेन ग्रेडचाच, लॉट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेटसह घ्या.

पॉलिमर विरघळवायचा सॉल्व्हंट एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) आहे, आणि तो बऱ्याच प्लास्टिकला सोडत नाही. पीव्हीसीच्या नळ्या, अॅक्रिलिकचे झाकण, पॉलिकार्बोनेटचा बाऊल, हे सगळे तो मऊ करतो किंवा तडकवतो. नळ्या एसएस किंवा पीटीएफईच्या, सील पीटीएफईचे.

माणसाच्या बाबतीतही सांगायलाच हवे. एनएमपी कातडीतून शरीरात जातो आणि गर्भाला घातक आहे. रोजच्या वापरातले निळे नायट्राइल हातमोजे तो लवकर भेदतो, म्हणून ब्युटाइल रबरचे मोजे, चष्मा आणि टाकीवर ओढ असलेला एक्झॉस्ट लावा. गरोदर किंवा तसा विचार असलेल्या बाईला या टाकीजवळ कामाला लावू नका.

डोप करणे

१ किलो डोपसाठी: पीव्हीडीएफ १८० ग्रॅम, पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) के-३० ६० ग्रॅम, एनएमपी ७६० ग्रॅम.

पीव्हीडीएफ ताकद देतो. पीव्हीपी छिद्रे उघडायला आणि फायबर पाण्याला थोडा आपलासा करायला असतो. पीव्हीडीएफ १५ टक्क्यांखाली आणला तर पाणी भरपूर जाते पण फायबर लेचापेचा होतो. २२ च्या वर गेलात तर पंपाला दम लागतो आणि फ्लक्स, म्हणजे फायबरमधून पाणी जाण्याचा वेग, बसतो. आधी १८ वर हात बसू द्या.

१. पीव्हीडीएफची पावडर ७० अंशांवर आणि पीव्हीपी ६० अंशांवर रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवा. पीव्हीपी पावसाळ्यात उघड्या डब्यात ढेकूळ धरतो. ढेकूळ धरलेला पीव्हीपी वजन करून टाकला तर तुम्ही पीव्हीपीसोबत पाणीही वजन करता.

२. टाकीत एनएमपी घ्या, ६० अंशांवर आणा, आधी पीव्हीपी पूर्ण विरघळवा.

३. पीव्हीडीएफ चिमटीचिमटीने, अर्ध्या तासात टाका. पिठले करताना पीठ एकदम ओतले तर गुठळ्या होतात, तसेच इथे होते. फरक एवढाच की इथली गुठळी बाहेरून चिकट आणि आतून कोरडी राहते आणि दोन दिवस ढवळूनही फुटत नाही.

४. ६५ अंशांवर, झाकण बंद, मिनिटाला २०० फेऱ्यांनी १६ ते २४ तास ढवळा. ८० च्या वर नेऊ नका. डोप फिकट पिवळसर आणि पारदर्शक हवा. तपकिरी झाला तर एनएमपी जुना असावा, किंवा कुठून तरी अल्कली शिरली असावी. टाकी कॉस्टिकने धुऊन नीट खंगाळली नसेल तरी असेच होते.

५. गरम असतानाच जाळीतून गाळा, मग ५० अंशांवर न ढवळता १२ तास ठेवा म्हणजे बुडबुडे वर निघून जातील. हलका व्हॅक्यूम दिला तर लवकर होते.

तयार डोप काचेच्या कांडीने उचलला की मधासारखी अखंड धार पडावी. धार तुटक, दाणेदार दिसली तर तो स्पिनरेटपर्यंत नेऊच नका, कारण एक जेलचा कण कड्यात अडकला की दिवस वाया जातो.

बोअर फ्लुइड

एनएमपी ६० भाग, पाणी ४० भाग, वजनाने. दोन्ही मिसळले की भांडे हाताला गरम लागते, म्हणून आदल्या दिवशी करून गार होऊ द्या आणि व्हॅक्यूमखाली त्यातली हवा काढा. आत नुसते पाणी सोडले तर भिंत आतून फार झपाट्याने गोठते, आतल्या बाजूलाही घट्ट कातडी धरते आणि पाण्याला दोन कातड्या ओलांडाव्या लागतात. एनएमपी मिसळल्याने आतली बाजू सावकाश गोठते आणि मोकळी राहते. हवा न काढलेला बोअर फ्लुइड सुईत बुडबुडा सोडतो आणि फायबरवर मण्यासारखी गाठ येते.

लाइन सुरू करणे

डोपच्या टाकीवर नायट्रोजनचा दाब १ ते १.५ बार, एवढाच. दाब जास्त दिला तर वायू डोपमध्ये विरघळतो आणि स्पिनरेटच्या तोंडाशी फेसासारखा बाहेर येतो.

बोअर फ्लुइड आधी सुरू करा, डोप नंतर. उलटे केले तर डोप सुईत शिरतो आणि तिथे बोअरमधले पाणी लागून कायमचा घट्ट होतो. प्रवाह असे ठेवा: डोप मिनिटाला ३ मिली (०.६ मिलीच्या पंपाला ५ फेरे), बोअर १.५ मिली, चाकाचा वेग मिनिटाला साधारण ४ मीटर, म्हणजे चाकाचे ४ फेरे. हे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. या वेगाला १.५ मिली बोअरने आतला व्यास ०.७ मिमीच्या आसपास येतो आणि ३ मिली डोपने बाहेरचा १.२ मिमीच्या. एक आकडा बदलला तर कागदावर हिशेब करून बाकीचे बदला. नुसता चाकाचा वेग वाढवून फायबर बारीक करायला गेलात तर तो ताणला जातो, छिद्रे लांबट होतात आणि मध्येच तुटतो.

स्पिनरेटपासून पाण्यापर्यंतचे अंतर, एअर गॅप, ५ सेंटिमीटरांपासून सुरू करा. स्पिनरेटखाली डोप काचेसारखा पारदर्शक, मधाच्या रंगाचा दिसतो. पाण्याला टेकला की पहिल्या एक-दोन सेंटिमीटरांतच दुधासारखा पांढरा होत जातो. ही सीमारेषा रोज एकाच जागी दिसली पाहिजे. ती खाली सरकू लागली तर टबातल्या पाण्यात एनएमपी वाढला आहे. ती वर, हवेतच दिसू लागली तर खोलीत दमटपणा जास्त आहे. लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला हे एवढे पाहता आले की निम्मे काम आले.

पहिले दहा मीटर टाकून द्या. मग धारदार ब्लेडने तुकडा कापा, मातीच्या गोळीत उभा रोवा आणि ४० पट सूक्ष्मदर्शकाखाली कड पाहा. पोकळी गोल आणि मध्यावर असेल तर गुंडाळायला लागा. चाकावर २५० फेरे झाले की एका जागी कापा: १ मीटर लांबीच्या २५० फायबरची जुडी मिळते. किलोभर डोप सुमारे पाच तास पुरतो आणि त्यात ११०० मीटरच्या आसपास फायबर निघतो.

बंद करताना आधी डोप थांबवा, मग बोअर. स्पिनरेट लगेच काढून ६० अंशांच्या एनएमपीत बुडवा, सोनिकेटरमध्ये ठेवा. कड्यात पिन घालू नका. आणि चिकटलेला पॉलिमर जाळायला बर्नर तर अजिबात नाही. फिटरचा हात सवयीने तिकडे जातो, पण पीव्हीडीएफ जळला की हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू सुटतो. हीच गोष्ट फायबरच्या कचऱ्याची. गाळ्यामागे कचरा पेटवायची पद्धत असेल तर हा कचरा त्यात जाऊ देऊ नका.

हवा आणि पाणी

वरचे सगळे डिसेंबरात जमते आणि जूनच्या मध्यावर बिघडते.

एनएमपी हवेतले पाणी ओढतो. जुलैत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असतो. तेव्हा डोपचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून पाहा: काही मिनिटांत थेंबाची कड ढगाळ होऊन पांढरी पडते. स्पिनरेटखालच्या ५ सेंटिमीटरांतही हेच चालू असते. मिनिटाला ४ मीटर वेगाने ते अंतर पाऊण सेकंदात ओलांडले जाते, आणि तेवढ्यातही बाहेरची कातडी वाफेने अर्धवट गोठून उघड्या छिद्रांची होते. फ्लक्स वाढलेला दिसतो, चांगले वाटते, आणि गाळलेले पाणी गढूळ येते.

यावर दोन उपाय आहेत. खोलीला एसी आणि डीह्युमिडिफायर लावून २५ अंश आणि ५० ते ५५ टक्के दमटपणा राखा. हे परवडत नसेल तर स्पिनरेटभोवती काचेचे नळकांडे बसवून त्यात सिलिका जेलमधून गेलेली कोरडी हवा किंवा नायट्रोजन अगदी मंद सोडा. जोरात सोडला तर फायबर डुलतो आणि जाडी बदलते. दमटपणाचा मीटर भिंतीवर लावू नका, नळकांड्याच्या तोंडाशी लावा. पावसाळ्यात एअर गॅप १ ते २ सेंटिमीटरवर आणण्याचाही उपयोग होतो, पण मग ती वेगळी रेसिपी समजून तिची वेगळी चाचणी करा.

आता पाणी. महापालिकेचे पाणी तलावांचे, भातसा, वैतरणा, तानसा यांचे, म्हणजे मृदू. गोठवण्याच्या टबाला ते उत्तम. दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात आणि टाकी धुतल्यानंतर बारीक गाळ येतो आणि ओल्या फायबरला चिकटून बसतो, म्हणून टबाआधी ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर लावा. दुसरी अडचण तापमानाची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला कोमट लागते. टब जितका गरम तितकी पाण्याची आणि एनएमपीची अदलाबदल जलद, आणि साधारणपणे छिद्रे मोठी. टब २५ अंशांवर, एका अंशाच्या आत राहिला पाहिजे. छोटा चिलर हा या लाइनवरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

तिसरी गोष्ट टबातला एनएमपी. पाच तासांत डोपमधला ७६० ग्रॅम आणि बोअरमधला अडीचशेच्या वर, असा सुमारे किलोभर एनएमपी टबात उतरतो. १०० लिटरच्या टबात तो दिवसअखेरी १ टक्का होतो, तेवढा चालतो. टब ४० लिटरचा असेल तर अडीच टक्के होतो, आणि सकाळचा व संध्याकाळचा फायबर सारखा राहत नाही. मोठा टब घ्या किंवा ताजे पाणी सतत थोडे सोडत राहा.

प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधा: डोपचा लॉट, वेळ, टबाचे तापमान, दमटपणा, दोन्ही पंपांचे प्रवाह. तीन महिन्यांनी तक्रार आली तर ही चिठ्ठीच बोलते.

फायबर पाहून दोष ओळखणे

ठरावीक अंतराने जाड-बारीक होत असेल तर पंपाचा धक्का आहे. चाकाच्या परिघाइतक्या अंतराने होत असेल तर चाक वाकडे आहे. कुठेही गाठी येत असतील तर बुडबुडा. फायबर चपटा होत असेल तर तो पुरेसा गोठायच्या आत पहिल्या रोलरवर वळतो आहे, किंवा बोअर कमी पडतो आहे. रोलर टबात आणखी मीटरभर पुढे सरकवा.

सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीत बोटांसारख्या लांब पोकळ्या दिसतात. थोड्या असतील तर काळजी नको. त्या बाहेरच्या कातडीपर्यंत पोचल्या असतील तर तिथे सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. डोपमध्ये पीव्हीडीएफ एक टक्क्याने वाढवा किंवा बोअरमध्ये एनएमपी ७० भागांपर्यंत न्या.

धुलाई आणि ग्लिसरीन

जुडी ४८ तास पाण्यात ठेवा. पहिल्या दिवशी तीनदा पाणी बदला, शेवटचे पाणी ५० अंशांचे. आत राहिलेला एनएमपी नंतर फायबर मऊ ठेवतो आणि पोटिंगचे, म्हणजे फायबरची टोके नळकांड्यात पक्की बसवण्याचे, रेझिन बिघडवतो.

नंतर हायपो: २००० पीपीएम, १२ तास, खोलीच्या तापमानाला. यात अडकलेला पीव्हीपी तुटून निघतो आणि फ्लक्स खुलतो. बाजारातला हायपो मुंबईच्या उन्हाळ्यात डब्यातच उतरतो, म्हणून लेबलवर विसंबू नका, आयोडिन-थायोसल्फेटने टायट्रेशन करून मगच पातळ करा. हायपोत आम्ल पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. या पायरीवर फ्लक्सच्या मोहाने वेळ वाढवला तर पीव्हीपी सगळाच जातो आणि फायबर पाणी झटकायला लागतो.

स्वच्छ धुऊन जुडी ४० टक्के ग्लिसरीनच्या पाण्यात २४ तास बुडवा, मग सावलीत टांगून सुकवा. ग्लिसरीनशिवाय सुकवला तर छिद्रे आक्रसतात आणि फ्लक्स परत येत नाही. ग्लिसरीन लावलेल्या जुडीला पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा सुकली की पॉलिथिनमध्ये सिलिका जेलसह सील करा. ओलीच ठेवायची असेल तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये.

पोटिंग

इथे बरेच चांगले फायबर वाया जातात. फायबर रसायनाला टिकतो, पण त्याला धरणारे रेझिन, नळकांडे आणि ओ-रिंग टिकत नसतील तर मॉड्यूल टिकाऊ नाही. पॉलियुरेथेन मऊ आणि सोपे असते, पण गरम अल्कलीत झिजते. आम्ल-क्लोरीनच्या कामाला रसायनरोधक इपॉक्सी घ्या. नळकांडे यूपीव्हीसीचे चालते. सॉल्व्हंटची शंका असेल तर एसएस ३१६. ओ-रिंग आम्ल-अल्कलीला ईपीडीएम रबराची, तेल आणि हायड्रोकार्बनला व्हिटॉन रबराची. दोन्ही एकाच डब्यात ठेवू नका, काळ्या रंगात ओळखू येत नाहीत.

पहिले मॉड्यूल चाचणीपुरते करा: २० फायबर, २५ सेंटिमीटर कामाची लांबी. बाहेरच्या व्यासाने क्षेत्रफळ ०.०१९ चौरस मीटर होते. मोठ्या मॉड्यूलला २५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत २०० फायबर बसतात. त्याहून जास्त कोंबले तर मधल्या फायबरना पाणीच पोचत नाही.

फायबरची टोके ग्लिसरीन धुऊन पूर्ण कोरडी करा. पॉलियुरेथेन वापरत असाल तर हे आणखी काटेकोरपणे करा, कारण त्याचे हार्डनर पाण्याशी आणि ग्लिसरीनशी भिडते आणि रेझिन फेसाळते. ते हार्डनर श्वासाला घातक असते, मास्कशिवाय उघडू नका. टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवा, नाहीतर रेझिन पोकळीत चढेल. रेझिन दोन थरांत ओता, एकदम जाड थर ओतला तर तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि तडकतो. रेझिन फायबरच्या अंगानेही काही मिलिमीटर वर चढते आणि तिथे कडक धार तयार होते. हलणारा फायबर नेमका त्या धारेवर तुटतो, म्हणून वर ५ मिमी मऊ सिलिकॉनचा थर द्या. रेझिन अर्धवट कडक, नखाची खूण उठेल असे असतानाच ताज्या ब्लेडने टोक सपाट कापा. सगळी पोकळ तोंडे भिंगाखाली मोजा. २० फायबर असतील तर २० भोके दिसली पाहिजेत.

टाकाऊ

एनएमपी असलेले टबाचे पाणी गटारात किंवा नाल्यात सोडायचे नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना हे पाणी अर्जातच दाखवा आणि संमतीत लिहिले असेल तसे स्वतःच्या किंवा सामाईक प्रक्रिया केंद्रात पाठवा. स्पिनरेट धुतलेला घट्ट एनएमपी वेगळ्या पिंपात, लेबल लावून. तो आणि फायबरचा कचरा अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच जाऊ द्या.

चाचण्या

पीव्हीडीएफ मुळात पाणी झटकणारा, म्हणून मॉड्यूल आधी ५० टक्के आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अर्धा तास भिजवा आणि पाण्याने धुवा. न भिजवता मोजलेला फ्लक्स खोटा असतो.

गळतीची चाचणी: ओल्या फायबरच्या आतून १ बार हवा द्या, मॉड्यूल पाण्यात बुडवा. पाण्याच्या पृष्ठताणामुळे १ बारला सुमारे ३ मायक्रॉनपेक्षा लहान छिद्रातून हवा बाहेर येत नाही. म्हणजे बुडबुड्यांची माळ जिथून येते तिथे मोठे भोक, तुटलेला फायबर किंवा रेझिनची फट आहे. तो फायबर टोकाशी इपॉक्सीने बंद करा.

फ्लक्स: बाहेरून आत, १ बार, २५ अंश. तासाला चौरस मीटरमागे १०० ते ३०० लिटर हे पहिले लक्ष्य ठेवा. वरच्या चाचणी मॉड्यूलला १५० म्हणजे मिनिटाला ४७ मिली. पाणी ३२ अंशांचे असेल तर ते पातळ असल्याने तोच फायबर साधारण १५ टक्के जास्त दाखवतो, तेव्हा तापमान न लिहिता फ्लक्स लिहू नका.

ताकद: १० सेंटिमीटर ओला फायबर टांगून वजन लावत जा. १५० ग्रॅमखाली तुटला तर जुडी बाद.

आणि शेवटी रसायनाची चाचणी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. ग्राहक आठवड्यातून एकदा २०० पीपीएम हायपोने तासभर धुणार असेल तर वर्षाला १०,४०० पीपीएम-तास (तीव्रता गुणिले तास) होतात, पाच वर्षांना ५२,०००. तेवढाच मारा ५००० पीपीएममध्ये साडेदहा तासांत होतो, पण तीव्र द्रावातला थोडा वेळ आणि सौम्य द्रावातला दीर्घ वेळ सारखे नसतात, म्हणून १००० पीपीएमचीही एक बरणी समांतर लावा. १०० तासांत ती १ लाख पीपीएम-तासांवर जाते. द्राव रोज टायट्रेशन करून ताजा करा. शेजारी ग्राहकाच्या आम्लाची, त्याच्या कॉस्टिकची आणि नुसत्या पाण्याची अशा तीन बरण्या ठेवा. रेझिनचा कापलेला तुकडा आणि एक ओ-रिंगही प्रत्येक बरणीत टाका. दर २४ तासांनी पाच फायबर काढून रंग, वजन, फ्लक्स आणि तुटण्याचा भार लिहा. ज्या दिवशी भार १५० ग्रॅमखाली येईल किंवा ओ-रिंग फुगेल, त्या दिवसापर्यंतचे पीपीएम-तास ही त्या मॉड्यूलची मर्यादा. लेबलवर तिच्या निम्मा आकडा छापा.